पंधराव्या वर्षी उशीर झालेला नसतो

पत्र : मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. मुलीला १५ वर्षे पूर्ण होऊन तीन महिने झाले. ती आईसोबत पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते, दहावीत शिकते आणि टेनिस खेळते. राष्ट्रीय मालिकेतील १६ वर्षांखालील एक विजेतेपद तिच्या नावावर आहे, ज्युनियर आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) पाच स्पर्धा झाल्या आहेत आणि गेल्या महिन्यात महिलांच्या १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत पात्रता फेरीचा एक सामना ती जिंकली. प्रशिक्षक म्हणतात, शाळा सोडवा, दोन वर्षे स्पेनला ठेवा आणि पूर्णवेळ व्यावसायिक म्हणून उतरवा. कॅप्रियाती १३ व्या वर्षी फायनल खेळली होती, तुम्ही आधीच उशीर केला आहे. खर्च ४० लाखांच्या घरात जातो. दीड एकर बाग विकली तर तेवढे पैसे उभे राहतील. पत्नीचा विरोध आहे. मुलगी काहीच बोलत नाही. हल्ली हरल्यावर पुणे ते तासगाव गाडीत एक शब्द काढत नाही. काय करावे?
– एक पालक, जि. सांगली

स. न.

आपले पत्र दोनदा वाचले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : बाग विकू नका. मुलगी खेळते आहे, वयाच्या मानाने चांगली खेळते आहे आणि तिने खेळावे याविषयी तुमच्या घरात दुमत दिसत नाही. ठरवायचे आहे ते एवढेच की पुढच्या दोन वर्षांत तिने किती स्पर्धा खेळायच्या, कोठे खेळायच्या आणि त्या कोणाच्या पैशावर खेळायच्या. हा हिशेब ‘उशीर झाला’ या धाकाखाली मांडायला बसलात तर तो चुकणार.

प्रशिक्षकांनी अमेरिकेच्या जेनिफर कॅप्रियातीचे उदाहरण दिले ते खरे आहे, फक्त अर्ध्यावर थांबवलेले आहे. मार्च १९९० मध्ये, चौदावा वाढदिवस तीन-चार आठवड्यांवर आलेला असताना, ही मुलगी फ्लोरिडातील बोका रॅटन येथे आपली पहिली व्यावसायिक स्पर्धा खेळली आणि थेट अंतिम फेरी गाठून गॅब्रिएला सबातिनीकडून हरली. त्याच वर्षी तिने फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी गाठली आणि वर्ष संपण्याच्या आत जगातील पहिल्या दहा जणींत प्रवेश केला. कपडे-बूट आणि रॅकेट बनवणाऱ्या कंपन्यांचे लाखो डॉलरचे करार तर पहिला सामना खेळण्याआधीच झाले होते. १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तिने स्टेफी ग्राफला हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ती १६ वर्षांची होती. पुढच्या वर्षी यूएस ओपनच्या पहिल्याच फेरीत ती हरली आणि कोर्टावरून दिसेनाशी झाली. मे १९९४ मध्ये गांजा बाळगल्यावरून तिला अटक झाली आणि पोलिसांनी काढलेला तिचा फोटो जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आला. त्या वेळी तिला १८ पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

पुढे ती परतली, आणि तीही अशी की २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच या दोन्ही स्पर्धा जिंकून त्याच वर्षी क्रमवारीत पहिली आली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तिची गुणवत्ता कोणी खोटी ठरवू शकत नाही. पण तेराव्या वर्षी जिला घाईने उतरवले, तिचे पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद चोविसाव्या वर्षी आले. मधली वर्षे घाईत गेली आणि घाईची भरपाई करण्यात गेली.

तिच्याआधी ट्रेसी ऑस्टिन आणि अँड्रिया येगर या दोघी अशाच कोवळ्या वयात वर आल्या होत्या आणि विशीच्या आतबाहेर पाठीच्या व खांद्याच्या दुखण्यांनी मागे पडल्या होत्या. कॅप्रियातीच्या प्रकरणानंतर महिला टेनिस संघटनेला, म्हणजे डब्ल्यूटीएला, तज्ज्ञांची समिती नेमून वयाचा नियम करावा लागला आणि तो १९९५ पासून लागू झाला. हा नियम तुमच्या मुलीलाही लागू आहे. आश्चर्य याचे वाटते की प्रशिक्षकांनी तुम्हाला कॅप्रियाती सांगितली, पण तिच्यामुळे झालेला नियम सांगितला नाही.

या नियमानुसार १४ वर्षे पूर्ण होण्याआधी मुलीला व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाही. त्यानंतर एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत किती स्पर्धा खेळायच्या याची मर्यादा असते : चौदाव्या वर्षी ८, पंधराव्या वर्षी १०, सोळाव्या वर्षी १२ आणि सतराव्या वर्षी १६. कामगिरी फार चांगली असेल तर थोड्या वाढीव स्पर्धा मिळू शकतात. नियमांत अधूनमधून बदल होत असल्यामुळे चालू वर्षाची नियमपुस्तिका स्वतः उघडून पाहा. पात्रता फेरीत हरले तरी ती स्पर्धा या मोजणीत धरली जाते, म्हणजे तुमच्या मुलीची या वर्षातील एक स्पर्धा झाली आहे आणि सोळाव्या वाढदिवसापर्यंत साधारण नऊ उरल्या आहेत. नऊ आठवड्यांच्या व्यावसायिक टेनिससाठी बावन्न आठवड्यांची शाळा सोडायची आणि परदेशात बिऱ्हाड करायचे, हा व्यवहार मला समजत नाही. उरलेल्या आठवड्यांत ती तिकडेही ज्युनियर स्पर्धाच खेळणार. त्या स्पर्धा भारतात आणि जवळपासच्या देशांतही होतात.

आता पैशांकडे वळू. महिलांच्या १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत १५ हजार ही एकूण बक्षिसाची रक्कम असते. एकेरीच्या विजेतीला त्यातून सव्वादोन हजार डॉलरच्या आसपास मिळतात आणि मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणारीला दीडशे डॉलरच्या आतबाहेर. दोन माणसांचे विमान, खोली, जेवण, टॅक्सी आणि गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणे) यांचा खर्च त्यातून निघत नाही. या पातळीवर स्पर्धा जिंकणारी खेळाडूसुद्धा अनेकदा आठवडा तोट्यातच काढते. यात कोणाची फसवणूक नाही. या खेळाच्या शिडीची खालची पायरी अशीच आहे आणि ती सगळ्यांना चढावी लागते. क्रमवारीचेही तसेच आहे. डब्ल्यूटीएच्या यादीत नाव येण्यासाठी तीन स्पर्धांत गुण मिळवावे लागतात किंवा एकूण किमान दहा गुण व्हावे लागतात, म्हणून एखादा गुण मिळाला की मुलगी ‘रँकिंगमध्ये आली’ असे कोणी म्हणाले तर पेढे वाटण्याआधी विचारून घ्या.

बागायतदाराला हे मी सांगावे असे नाही, पण कलम केल्यावर वेल जोमात आली म्हणून लगेच तिच्यावर पूर्ण माल धरत नाहीत. आधी ओलांडे, म्हणजे वेलीच्या मुख्य आडव्या फांद्या, तयार होऊ देतात. नवीन बागेत पहिल्याच वर्षी टनेज काढून दाखवतो असे सांगणाऱ्याला तुम्ही बांधावर उभे करणार नाही. टेनिसमध्येही हे जाणणारे बाप झाले आहेत. व्हीनस विल्यम्सने ऑक्टोबर १९९४ मध्ये, वयाचा नियम लागू होण्याच्या तोंडावर, १४ व्या वर्षी व्यावसायिक पदार्पण केले. तिच्या वडिलांनी त्याआधीच मुलींना ज्युनियर स्पर्धांतून काढून घेतले होते, त्यावरून त्यांना वेड्यात काढणारे अनेक होते. पदार्पणानंतरही १९९५ मध्ये व्हीनस तीन स्पर्धा खेळली आणि १९९६ मध्ये पाच. १९९७ मध्ये, १७ व्या वर्षी, तिने मानांकन नसताना यूएस ओपनची अंतिम फेरी गाठली. रिचर्ड विल्यम्स यांच्या सगळ्याच गोष्टी अनुकरणीय होत्या असे मी म्हणणार नाही, पण मुलीच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी कॅलेंडर रिकामे ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखवले.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की हे गृहस्थ फक्त भीतीच घालतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर डब्ल्यूटीए १२५ दर्जाची, म्हणजे १५ हजार डॉलरच्या स्पर्धांहून बरीच वरची, स्पर्धा झाली, तेव्हा कोइम्बतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून येऊन उपांत्य फेरीपर्यंत गेली. ती पुढे स्पेनमधील मायोर्का बेटावरच्या नदाल अकादमीत सरावाला गेली. पुण्याचा मानस धामणे २०२३ च्या जानेवारीत बालेवाडीच्या एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक) स्पर्धेत वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, मुख्य फेरीत खेळला, तेव्हा तोही १५ वर्षांचाच होता, आणि त्याचा सराव इटलीत बोर्डिगेरा येथे प्रशिक्षक रिकार्डो पियाती यांच्या केंद्रात चालला होता. तेव्हा परदेशी जाऊच नये असे नाही. पण या दोघांचे त्या वयातील निकाल आणि तुमच्या मुलीचे निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहा. तिच्यात काही कमी आहे असे मला म्हणायचे नाही. तिने अजून ती पायरी गाठलेली नाही, एवढेच. आधी ज्युनियर आयटीएफमध्ये क्रमांक वर न्यावा. वरच्या क्रमांकाच्या ज्युनियर मुलींसाठी महिलांच्या लहान स्पर्धांत काही जागा राखीव असतात, त्यामुळे पात्रता फेरीच्या रांगेत उभे राहण्याचा काही त्रास आपोआप वाचतो. निकाल तसे आले की शिष्यवृत्ती, प्रायोजक, संघटनेचे सहकार्य यांची दारे ठोठावता येतात. स्पेन पाहायचेच असेल तर दहावीची परीक्षा संपल्यावर सुट्टीत चार आठवड्यांसाठी पाठवा, परत आल्यावर तिला तिथले काय आवडले आणि काय नाही ते विचारा, आणि मग बोलू.

प्रशिक्षकांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. तरीही ज्या अकादमीचे नाव ते सुचवतात तिच्याशी त्यांचा काही व्यवहार आहे का, हे सरळ विचारा; सज्जन माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. मुलगी अल्पवयीन असल्यामुळे कोणत्याही करारावर सही तुमची लागेल. पुढील अमुक वर्षांच्या बक्षिसातील टक्केवारी मागणारा कागद समोर आला, तर सांगलीतल्या तुमच्या नेहमीच्या वकिलांना दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.

शाळेबद्दल मी अधिक हट्टी आहे. दहावी तिने नेहमीप्रमाणे शाळेतूनच द्यावी. खेळाडूंना मिळणाऱ्या क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी तिची प्रमाणपत्रे चालतात का, हे मुख्याध्यापकांना आताच विचारून ठेवा, कारण ते प्रस्ताव शाळेमार्फत आणि मुदतीत जावे लागतात. अकरावीपासून वेळ जमेनासा झाला तर बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय हे दोन्ही मार्ग आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. शिक्षण सुटू नये म्हणतो ते ‘खेळात काही झाले नाही तर’ या भीतीने नाही. अमेरिकेतील विद्यापीठे हा टेनिसचाच एक रस्ता आहे. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात खेळली आणि पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून येऊन व्यावसायिक दौऱ्यावर गेला. चांगली शिष्यवृत्ती मिळाली तर तिथे चार वर्षांचे प्रशिक्षण, प्रवास, फिजिओ आणि पदवी यांचा बहुतेक भार विद्यापीठ उचलते. मात्र त्यासाठी दहावीपासूनचे गुण लागतात, आणि आधी घेतलेली बक्षिसाची रक्कम व बारावीनंतर किती काळ गेला याविषयी तिथले नियम काटेकोर असतात. गेल्या काही वर्षांत ते बदलतही आहेत, म्हणून आतापासून प्रत्येक स्पर्धेतील बक्षीस आणि त्या आठवड्याचा खर्च यांच्या पावत्या एका फाइलला लावत जा. शाळा सोडली की हा रस्ता कोणी न सांगता बंद होतो.

शरीराबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. या वयात हाडांची वाढ चालू असते आणि सर्व्हिसच्या वेळी कमरेला पडणाऱ्या पिळामुळे मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका टेनिसपटूंना असतो. कंबर दोन आठवड्यांहून अधिक दुखत राहिली तर मालिशवर न भागवता खेळाडूंच्या डॉक्टरांकडे जा. सराव वाढल्यावर मासिक पाळी दोन-तीन महिने चुकली तर ‘खेळाडू मुलींचे असेच असते’ असे म्हणणाऱ्याचे ऐकू नका. आहार कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि पुढे हाडे त्याची किंमत मोजतात. हे पत्नीशी आवर्जून बोला. सर्दीचे औषध किंवा कोणी दिलेली ताकदीची पावडर घेण्यापूर्वी डॉक्टरांना ती खेळाडू असल्याचे सांगा, कारण महिलांच्या आयटीएफ स्पर्धांना उत्तेजक चाचणीचे नियम लागू असतात. सानिया मिर्झाचे मनगट आठवा. २००५ मध्ये हैदराबादला १८ व्या वर्षी डब्ल्यूटीए विजेतेपद, २००७ मध्ये एकेरीत २७ वा क्रमांक, आणि मग मनगटाची दुखापत व शस्त्रक्रिया. दुहेरीत ती २०१५ मध्ये जगात पहिली झाली, पण एकेरीतील ती उंची तिला पुन्हा गाठता आली नाही.

आता गाडीतल्या मौनाविषयी. पत्रातील त्या एका ओळीपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो.

मी अठरा वर्षे एका क्लबमध्ये शिकवत होतो. तिथे सोळा वर्षांची एक मुलगी होती, तुमच्या मुलीसारखीच, बॅकहँड सुरेख. तिचे वडील प्रत्येक सामन्याला येत, कोर्टामागच्या भिंतीला टेकून उभे राहत आणि खिशातल्या छोट्या डायरीत खर्च लिहीत : तिकीट, खोली, बॉलचा डबा, गटिंग. माणूस सरळ होता. नोकरीतून कर्ज काढले होते आणि हप्ता चुकू नये म्हणून लिहीत होता. मुलीला त्यांनी कधी एका शब्दाने टोचले नाही. एकदा ती पहिल्याच फेरीत तीन सेटमध्ये हरली. नेटवर हात मिळवला, पण बॅगेकडे गेली नाही, सरळ माझ्यापाशी आली, मनगटावरचा ओला बँड काढून पिळला आणि विचारले, “सर, ही मॅच केवढ्याला पडली?” मला उत्तर सुचले नाही. डायरी मी दोन वर्षे पाहत होतो आणि ती मुलगीही पाहत असेल, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. वर्षभरात तिने खेळ सोडला. वडिलांशी वेळीच बोलणे माझे काम होते आणि ते मी केले नाही, ही माझी चूक.

तुमच्या घरात बाग विकण्याची चर्चा मुलीसमोर झाली आहे का, हे पत्रात नाही. झाली असावी असे मी धरून चालतो, कारण पंधरा वर्षांच्या मुलीपासून दीड एकर लपत नाही. दुसऱ्या सेटमध्ये ४–५ मागे असताना, सेकंड सर्व्हिस टाकताना, जिच्या डोक्यात आजोबांची बाग असते ती चेंडू आखूड टाकते. म्हणून सर्वांत आधी, उद्याच्या उद्या, तिला स्वच्छ शब्दांत सांगा की बाग विकली जाणार नाही, आणि तिच्या खेळासाठी दरवर्षी जेवढी रक्कम घर सोसू शकते तेवढी बाजूला काढली आहे. ती रक्कम तुम्ही आणि पत्नी दोघांनी बसून ठरवा. पुण्याच्या त्या खोलीत रोज तिच्यासोबत राहणाऱ्या बाईचा विरोध हा अडथळा म्हणून पाहू नका, मुलीविषयी सर्वांत जास्त माहिती तिच्याकडेच आहे. ती रक्कम गेली असे समजून द्या. परत येण्याची वाट पाहू नका, आणि हिशेब लिहायचाच तर घरी लिहा.

हरल्यानंतरच्या प्रवासात तुम्ही सामन्याचा विषय काढू नका. कराडला चहाला थांबा, तिला भूक असेल तर खायला घ्या, गाणी लावू द्या. ती बोलली तर ऐका. बोलली नाही तर तेही चालते. सामन्याचे विश्लेषण प्रशिक्षकांनी दोन दिवसांनी कोर्टावर करावे, त्यांना त्याचेच पैसे मिळतात.

तिला खेळायचेच नसेल तर, हा प्रश्न तुमच्या मनात असणार. असेल तर तीही माहितीच आहे. ऑस्ट्रेलियाची अ‍ॅश बार्टी १५ व्या वर्षी ज्युनियर विम्बल्डन जिंकली, १८ व्या वर्षी टेनिस सोडून काही काळ क्रिकेट खेळली, मग स्वतःच्या इच्छेने परतली आणि एकेरीची तीन ग्रँड स्लॅम जिंकली. थांबणाऱ्या सगळ्याच अशा परतत नाहीत हे उघड आहे, पण ओढून नेल्याने कोणी तिथवर पोहोचल्याचे मी पाहिलेले नाही.

दहावीच्या सहामाहीनंतर एका रविवारी तिघांनी बसा. आयटीएफच्या संकेतस्थळावर पुढच्या महिन्यांचे कॅलेंडर असते, ते उघडा. पुणे, सोलापूर, नवी मुंबई अशा ठिकाणीही महिलांच्या स्पर्धा झाल्या आहेत, त्यामुळे सगळ्या नऊ स्पर्धांसाठी विमान लागेलच असे नाही. यादी तिला तिच्या हाताने करू द्या : ज्युनियर कोणत्या, महिलांच्या कोणत्या, परीक्षेसाठी कोणते आठवडे मोकळे. तिने नऊऐवजी पाचच लिहिल्या तर ‘का’ असे विचारू नका. आणि एखादी दूरची, तुम्हाला न परवडणारी स्पर्धा तिने हट्टाने लिहिली, तर ती खोडण्याआधी मला कळवा. कोणती निवडली हे पाहायला मला आवडेल.